वेढा आणि रसद

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की सारोळ्याच्या पुलावर नीरा नदी ओलांडावी लागते. पुणे जिल्हा तिथे संपतो आणि थोड्याच अंतरावर शिरवळ लागते. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना हे गाव आता कारखान्यांच्या पाट्यांवरून कळते. इतिहासाची गोडी असलेल्यांना नीरेकाठचा सुभानमंगळ आठवतो. पण ज्यांच्या दावणीला चार जनावरे आहेत, त्यांच्या लेखी शिरवळ म्हणजे तिथले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. माणसाच्या क्षयरोगाबद्दल लिहायचे आणि सुरुवात गुरांच्या डॉक्टरांपासून करायची, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु क्षयाच्या बाबतीत गाय आणि माणूस यांचे नाते फार जुने आहे, आणि या रोगातले जे कोडे मला आज मांडायचे आहे, ते गाईच्या मानेवर अगदी स्वच्छ दिसते.

गाईला क्षयाची लागण आहे का, हे पाहण्याची एक जुनी चाचणी पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. मानेवरचे केस कातरून कातडीची जाडी मोजतात. मग क्षयजंतूंपासून तयार केलेले ट्युबरक्युलिन नावाचे द्रव्य तिथे कातडीत टोचतात. त्यात जिवंत जंतू एकही नसतो. ७२ तासांनी त्याच जागी पुन्हा जाडी मोजायची. ठरावीक मापापेक्षा जास्त सूज दिसली, की गाय चाचणीत सापडली असे समजायचे. गंमत अशी, की ही गाय बहुधा धडधाकट असते. ती रवंथ करते, दूध देते, खोकत नाही. मग सूज कसली? ती गाईच्या स्वतःच्या रक्तातल्या पेशींनी आणलेली असते. हा शत्रू त्यांना पूर्वी कधीतरी भेटलेला असतो. त्याची खूण त्यांनी लक्षात ठेवलेली असते आणि ती खूण पुन्हा दिसताच त्या धावून येतात.

माणसाच्या हातावर करतात ती मांटू चाचणी हीच. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. पुढे १८९० मध्ये त्याने ट्युबरक्युलिन हे क्षयावरचे औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते साफ फसले, पण चाचणी म्हणून टिकले. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने ते मुलांच्या कातडीवर वापरून पाहिले. आजाराचे एकही लक्षण नसलेली कितीतरी मुले त्यात सापडली. त्या अवस्थेला त्याने ‘सुप्त क्षय’ म्हटले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांटूने कातडीत सुई टोचण्याची पद्धत बसवली, ती आजही चालू आहे.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये लागणीची खूण आढळली. म्हणजे हे पान वाचणाऱ्या दहा प्रौढांतल्या तिघांच्या शरीराने क्षयजंतू कधी ना कधी पाहिलेला आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षय होतो. उरलेले नव्वद-पंच्याण्णव लोक संसार करतात, म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. जंतू तोच, हवा तीच, मग हे पाच-दहा कोण? साऱ्या रोगाचे मर्म या एका प्रश्नात आहे.

मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली. दोन वर्षे ज्या खात्यावर ग्राहकाने एकही व्यवहार केला नाही, ते खाते बँकेत निष्क्रिय समजले जाते. मात्र ते बंद झालेले नसते. नाव असते, शिल्लक असते, नमुना सहीही असते. म्हणून अशा खात्यात अचानक हालचाल झाली, तर अधिकाऱ्याने कान टवकारावेत अशी रीत आहे. सुप्त क्षय हे असेच खाते. त्याच्यावर पहारा कोण देतो, हे विज्ञानाला गेल्या काही दशकांत बरेच उमगले आहे.

क्षयरोगी खोकला, की अतिसूक्ष्म तुषार हवेत तरंगतात. त्यातला एखादा आपल्या फुफ्फुसाच्या पार तळाशी, हवेच्या इवल्याशा पिशवीत जाऊन बसतो. तिथे भक्षक पेशी गस्त घालत असतात. जंतू दिसला, की त्याला गिळायचे आणि पोटात आम्ल व पाचकरसांची पिशवी ओतून त्याची राख करायची, हे त्यांचे काम. बहुतेक जंतूंचा निकाल असाच लागतो. क्षयजंतूची हुशारी ही, की तो गिळला जातो, पण पाचकरसांची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. ज्या पेशीने त्याला खायचे, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो.

मग बातमी पुढे जाते. दुसऱ्या प्रकारच्या काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतात आणि तिथल्या ‘टी’ पेशींना तो दाखवतात. लाखो टी पेशींतून नेमकी त्याच खुणेची पेशी निवडायची, तिची संख्या वाढवायची आणि फौज फुफ्फुसाकडे रवाना करायची, याला काही आठवडे लागतात. क्षयाच्या बाबतीत ही दिरंगाई जास्तच असते. तेवढ्यात जंतू आपली वस्ती वाढवून घेतो. फौज पोहोचली, की टी पेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडतात. या रसायनाने मरगळलेल्या भक्षक पेशी चवताळून उठतात आणि मघाशी अडलेले पचनाचे काम पुरे करू लागतात. टीएनएफ नावाचे दुसरे एक रसायन सगळ्यांना एकत्र बांधून ठेवते. मधोमध जंतू, त्यांच्याभोवती भक्षक पेशींचे कडे, त्याबाहेर टी पेशींचे दुसरे कडे, अशी एक बारीक गाठ तयार होते. जंतू सगळे मेलेले नसतात, पण बाहेरही पडू शकत नाहीत. सुप्त क्षय म्हणतात तो हाच.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला ‘वेढा’ या शब्दापलीकडे जावे लागत नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला चार महिने आवळलेला वेढा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. महाराज शरण येणार, अशी आवई उठली, पहारा सैल पडला आणि आषाढातल्या धो धो पावसात एका रात्री वेढ्यातून वाट निघाली. शरीराच्या गोष्टीत आपल्याला नाइलाजाने सिद्दीच्या बाजूने उभे राहावे लागते. मराठी मनाला ते रुचायचे नाही, पण त्या वेढ्याचा धडा इथे तंतोतंत लागू पडतो. आत अडकलेला शत्रू मेला आहे, असे कधी धरून चालू नये. आणि वेढा घालणाऱ्यांना डोळ्यांत तेल घालून जागावे लागते, त्यासाठी त्यांना रोज रसद लागते.

ही नुसती उपमा आहे असे कोणी समजू नये. पहारा काढून घेतला तर काय होते, याचे दोन पुरावे आपल्या डोळ्यांदेखत घडले. पहिला एड्सच्या साथीचा. एचआयव्ही नेमका सीडी-४ जातीच्या टी पेशींना मारतो. बाहेरचे कडे विरळ झाले आणि वर्षानुवर्षे गप्प असलेला क्षय उसळून आला. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमध्ये क्षय हे जगभर सर्वांत मोठे कारण ठरले. दुसरा पुरावा संधिवाताच्या औषधातून मिळाला. टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सांध्यांच्या सुजेवर गुणकारी ठरले. पण ते घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांना उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तो झाला होता. वेढ्यातली दोरीच कापली गेली होती. तेव्हापासून अशी औषधे सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावी, असा दंडक पडला. मधुमेहातही पहारा ढिला पडतो. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. घरोघरी साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या आपल्या महाराष्ट्राने हे विसरून चालणार नाही.

तथापि, पहारेकऱ्यांची संख्या वाढली म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. क्षय उसळतो तेव्हा फुफ्फुसात पोकळी पडते. ती जंतूंपेक्षा आपल्याच पेशींच्या आततायीपणाने पडते. गाठीचा मध्यभाग सडून पनीरासारखा होतो, भक्षक पेशी फुटतात, न्यूट्रोफिल जातीच्या पेशींची झुंड येते आणि शत्रूबरोबर घरही जाळते. पोकळी श्वासनलिकेत फुटली, की जंतूंना बाहेरच्या हवेचा रस्ता मिळतो. खोकला सुरू होतो आणि एका माणसाचा रोग चार माणसांचा होतो. लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उसळलेल्या क्षयाच्या रुग्णांत न्यूट्रोफिल पेशी एका वेगळ्याच हुकुमाखाली काम करताना आढळल्या. तो हुकूम होता पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचा. म्हणजे आडनाव एकच, पण गॅमा हा भाऊ वेढा राखणारा आणि हा दुसरा, भलत्या वेळी आला तर, वेढा विस्कटणारा. उपचार सुरू झाल्यावर ही खूण ओसरत गेली. आणखी लक्षात घेण्याजोगे म्हणजे, ‘सुप्त’ म्हणून नोंदलेल्या काही थोड्या लोकांच्या रक्तातही ती दिसली. वरून शांत दिसणाऱ्या या खात्यांत आतून काही चालू असावे.

यावरून सुप्त आणि प्रकट अशी दोन खणांची मांडणी फार ढोबळ आहे, हे ध्यानात येते. माकडांवरच्या अभ्यासात तर एकाच फुफ्फुसात एक गाठ पूर्ण निर्जंतुक झालेली आणि शेजारची धुमसत असलेली आढळली. झेब्राफिश या इवल्या माशात क्षयाच्या गाठी पाहणाऱ्या डॉ. ललिता रामकृष्णन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०१८ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. लागण म्हणजे जन्मठेप, ही समजूतच त्यांनी हलवली. त्यांच्या मते लागण झालेल्या बहुतेकांचे शरीर कालांतराने जंतूंचा पुरता निकाल लावत असावे, उरते ती फक्त आठवण. आणि ज्यांना आजार व्हायचा, त्यांतल्या बहुतेकांना तो लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच होतो. कुटुंबाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. पहारा कधी कडक ठेवायचा, हे ती सांगते. घरात एकाला क्षय निघाला, की बाकीच्यांची पुढची दोन वर्षे धोक्याची.

इथे मला एक हिशेब मांडावासा वाटतो. शिरवळच्या आसपास एका शाखेत असताना दुभत्या जनावरांची कर्जे माझ्या टेबलावरून जात. गाय घ्यायची तर पशुवैद्यकाचा दाखला लागे, कानात विमा कंपनीचा बिल्ला ठोकला जाई. गाय दगावलीच, तर विम्याचा दावा करताना बिल्ल्यासकट कान आणून दाखवावा लागे. टेबलावर कागदात गुंडाळलेला कान ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. अशाच एका कर्जदाराचे हप्ते थांबले. चौकशीला गेलो तर तो क्षयाने अंथरुणाला खिळलेला. औषधे चालू होती आणि पुढे तो बराही झाला. दीड-दोन वर्षांनी त्याची बायको शाखेत आली ती थोरल्या मुलीच्या आजारपणासाठी पैसे मागायला. मुलगी सोळा वर्षांची, खाकरा, बारीक ताप, तोच रोग. बाप आजारी असताना ती त्याच खोलीत झोपत होती, त्याचे तोंड धुवायचे पाणी तीच देत होती. त्या दोन वर्षांत कोणीही तिच्या हातावर सुई टोचून पाहिली नव्हती. त्या घरातल्या गाईजवळ दाखला होता, बिल्ला होता, विमा होता. मुलीजवळ यातले काहीही नव्हते.

त्या वेळी हे कोणाला खटकले नाही, याला एक कारण आहे आणि ते मोठे विलक्षण आहे. औषधे नव्हती तेव्हा क्षयावर उपाय म्हणजे स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी बेल एअर हे आरोग्यधाम काढले ते याच विचाराने. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीलाही, मिरजेच्या डॉ. वानलेस यांच्या नावाने, क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. त्याआधीच्या पिढीला तेही नव्हते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झालेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कॉखचा शोध लागून पाच वर्षे होत आली होती. जंतूचे नाव कळले होते, पण त्याला मारणारे औषध यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. परमुलखातली थंडी, अपुरे खाणे आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांचा पहारा केव्हाच पोखरला होता.

औषधे आली आणि चित्र पालटले. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, चांगले खाऊपिऊ घातले, विश्रांती दिली. दुसऱ्याला घरीच ठेवून फक्त औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहून, अर्धपोटी राहूनही दुसरा गट जवळजवळ तितकाच बरा झाला होता. साऱ्या जगाची क्षयनीती या प्रयोगाने बदलली, आरोग्यधामांची गरज संपत गेली. लक्षावधी गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले ते या प्रयोगामुळे, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु त्याबरोबर एक समजूतही रुजली. औषध असले म्हणजे पुरे, आहार ही शोभेची बाब. रुग्णाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही होते, कारण त्याच्या बाजूने औषध लढत होते. पण त्याच छपराखाली झोपणाऱ्या बायकोच्या, मुलीच्या, म्हाताऱ्या आईच्या बाजूने कोण लढत होते? त्यांना औषध नव्हते. त्यांच्याजवळ फक्त आपापल्या पेशींचा पहारा होता आणि त्या पहाऱ्याची रसद म्हणजे त्यांच्या ताटातला घास.

हा प्रश्न सरळ विचारला गेला तो साठ वर्षांनी. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या घरी एक मोठा प्रयोग केला. रुग्णांना सर्वत्र शिधा दिला. घरातल्या इतर माणसांना मात्र निम्म्या भागांत शिधा दिला, निम्म्यांत नाही. दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी, एवढाच हा शिधा. दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांवर लक्ष ठेवले गेले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते आणि थुंकीतून पसरणाऱ्या क्षयाचे जवळजवळ निम्म्याने. तांदूळ आणि डाळ! ही लस नव्हे, नवे औषध नव्हे, आपल्या कुठल्याही किराणा दुकानातली यादी आहे. अन्न कमी पडले, की टी पेशींची पैदास घटते आणि गॅमा इंटरफेरॉनचा पुरवठा आटतो, हे प्रयोगशाळेत ठाऊक होते. त्याचा पडताळा झारखंडच्या चुलीपाशी आला.

काही जण विचारतील, मग बीसीजी कशासाठी टोचतो? बीसीजीची जन्मकथाही पुन्हा गाईकडेच घेऊन जाते. फ्रान्समध्ये काल्मेत हा डॉक्टर आणि गेरँ हा पशुवैद्य या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे, २३० वेळा नव्या खाद्यावर वाढवत नेऊन निरुपद्रवी केला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली. तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती आजही वाचवते, म्हणून ती टोचलीच पाहिजे. पण १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात सुरू झालेल्या प्रचंड पाहणीत, मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या क्षयाला ती अडवू शकत नाही, असेच दिसले. म्हणजे दंडावरचा व्रण बघून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. गाईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. धारोष्ण दुधाचे आपल्याकडे फार कौतुक. गुरांचा क्षय माणसात येण्याची मुख्य वाट मात्र कच्चे दूधच आहे. दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची आपल्या आज्या-पणज्यांची सवय किती जणांना वाचवून गेली असेल, याची मोजदाद नाही.

आता प्रश्न उरतो करायचे काय. सरकारी योजनेत याचे उत्तर आहे आणि ते फुकट आहे. घरात एकाला फुफ्फुसाचा क्षय निघाला, की बाकी सर्वांची तपासणी व्हावी, आधी कोणाला प्रकट क्षय नाही ना हे पाहावे आणि मग प्रतिबंधक गोळ्या द्याव्यात. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे, एवढ्यात भागणारे उपचार आता आहेत. लागण ओळखण्यासाठी बीसीजीमुळे फसणार नाहीत अशा नव्या चाचण्याही आल्या आहेत. त्यांतली एक कातडीवरची चाचणी आपल्या पुण्यातच तयार होते. अडचण आहे ती आपल्या मनाची. मला काही होत नसताना औषध का घेऊ, हा प्रश्न मी सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकला आहे. तो चुकीचा नाही. या गोळ्यांचा क्वचित यकृताला त्रास होतो, म्हणून त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. देशातल्या एकतीस टक्क्यांनी सरसकट घ्याव्यात, असेही कोणी म्हणत नाही. पण रुग्णाच्या शेजारी झोपणारे मूल आणि तीस वर्षांपूर्वी कधीतरी लागण झालेला धडधाकट माणूस यांची जोखीम एक नाही. कर्ज देताना आम्ही सर्वांना एकच तारण मागत नव्हतो. ज्याची जोखीम मोठी, त्याची तजवीज आधी.

दुसरी अडचण लपवाछपवीची. दक्षाच्या शापाने चंद्राला जडलेला राजयक्ष्मा, ही कथा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि रोगामागे रोग्याचाच काही दोष असला पाहिजे, ही समजूतही तितकीच जुनी. मुलीचे लग्न ठरायचे आहे, म्हणून वडिलांचा क्षय ‘छातीचा आजार’ होतो. भाड्याची खोली सुटेल, म्हणून कामगार खोकला दाबतो. शिरवळ-खंडाळ्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात एका खोलीत पाच-सहा तरुण पाळीपाळीने झोपतात, दोन वेळा वडापावावर काढतात आणि गावी पैसे पाठवतात. घर म्हणजे रक्ताचे नाते, अशी व्याख्या केली तर त्यांचे घर कुठल्याच यादीत येत नाही. क्षयजंतूची व्याख्या साधी आहे. एका हवेत श्वास घेतात ते एका घरातले.

तिसरी अडचण ताटाची. क्षयरुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. चांगलेच झाले. पण बँकेतल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, खात्यात जमा झालेला पैसा डाळीकडेच जातो असे नाही. तो आधी उधारीकडे जातो. शिवाय तो रुग्णाच्या नावाचा आहे. कुटुंबीयांनाही देणगीदारांच्या मदतीतून शिधा मिळावा, असे धोरण २०२४ च्या अखेरीस जाहीर झाले. परंतु देणगीदार भेटला तर मिळेल आणि नाही भेटला तर नाही, असा पहारा भरवशाचा नसतो. रेशन दुकानाची व्यवस्था गावोगाव आहे. क्षयरुग्णाच्या घरातल्या प्रत्येक डोक्यामागे दोन वर्षे जादा डाळ आणि धान्य हक्काने मिळावे, ही मागणी जास्तीची नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचा संकल्प आपण २०१८ मध्ये केला होता. २०१५ ते २०२३ या काळात नव्या रुग्णांचे प्रमाण दर लाखामागे २३७ वरून १९५ वर आले. ही घट खरी आणि अभिमानाची, पण संकल्पापासून फार दूर. रुग्णांमागे धावून जे साधायचे ते बरेचसे साधले. यापुढची लढाई अजून रुग्ण न झालेल्यांच्या फुफ्फुसात आहे.

वाचकांकडे एकच मागणे आहे. आपल्या घरात, शेजारी, कामावर कोणाला क्षय निघाला, तर डॉक्टरांना ‘हा बरा होईल ना?’ एवढे विचारून परत येऊ नका. वेळेवर आणि पूर्ण औषध घेतले तर तो बहुधा होईलच. त्यापुढचा प्रश्नही विचारा, ‘आणि त्याच्या घरातल्या बाकीच्यांना कधी आणू?’ शिरवळच्या महाविद्यालयातला विद्यार्थी गोठ्यात एक गाय सापडली, की दावणीतली प्रत्येक गाय तपासायला शिकतो. माणसांच्या घराला तेवढी काळजी मिळायला हरकत नसावी.